उर्वशी जूनमधी वापस येते

५ जानेवारी २०२५, रविवार

इम्याचा हप्ता नेणाऱ्या एजंटानं इंद्रजितले डायरी देल्ली. इंद्रजित म्हणे, माय, मी दिवसभर बाजार समितीत सोयाबीनच्या पावत्याच लिहून राह्यलो, घरी आणखी कायले लिहू. म्हणून मी घेतली. चौथी शिकेल आहो. अक्षर सुनेपेक्षा बरं आहे.

ह्या घरात लोकं बोलतात अन् मंग पलटतात. आता कोण काय बोललं ते लिहूनच ठुवीन.

पहिली गोष्ट. उद्या माही नात उर्वशी पुण्याकडं जाते. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे तिचं, यवतमाळच्या कॉलेजात. सहा महिने कारच्या कंपनीत ट्रेनिंग. कार कशी बनते ते शिकाचं, जूनमधी वापस याचं, अन् घरासमोरच्या गाळ्यात गाड्याचं वर्कशॉप टाकाचं. हे तिनं सोताच्या तोंडानं म्हटलं आहे. दहावीत असतानी म्हटलं. मी इसरली नाही.

म्हणून गाळा कोणाले भाड्यानं देल्ला नाही. सून जया, तिच्या बहिणीले तिथं ब्युटी पार्लर टाकाचं होतं. मी म्हटलं, ज्याचं तोंड जसं आहे तसं राहू द्या.

६ जानेवारी

उर्वशी गेली. जया रडली. इंद्रजित एवढा मोठा माणूस, तोही रडला. मी नाही. मले तसलं काही होत नाही.

मी सीट पाहाले ट्रॅव्हल्समधी चढलती. खिडकीचा काच बसत नव्हता, ड्रायव्हरले सांगतलं. मंग तो गाडी कशी चालवते ते इचारलं. मंग बाजूच्या बाईले तिच्या माहेरचं इचारलं. गाडी सुटली ते मले कोणी सांगतलंच नाही. उर्वशी म्हणे, आजी, तू पुण्याले येतं काय आता? नाक्यावर उतरली, ऑटोनं घरी आली. रडाले टाइमच भेटला नाही.

शेवया, तिखट, मुंगवड्या, जवसाची चटणी बांधून देल्ली. पुण्याकडं भाजीत साखर टाकतात. आठ दिवसात पोरगी रडत फोन करीन. केला तं मी म्हणीन, ये बाई, आजी आहे.

९ जानेवारी

फोन नाही. मोबाइल गेटवरच जमा करा लागते म्हणे. म्हणजे जेलच.

१२ जानेवारी, रविवार

फोन आला. रडली नाही. चटणी रूमवरच्या पोरींनी संपवली. म्हणे, आजी, कॅन्टीनचं जेवण मस्त आहे. साखर तं मले लागलीच नाही.

फोटो पाठवला. कंपनीवाल्यानं काढेल. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, टोपी, तोंडाले मास्क. डोळे तेवढे माह्या घरचे. मी म्हटलं, हे कायचं सोंग वं? तं म्हणे, आजी, मले पेंट शॉपमधी टाकलं.

मी फोन जयाच्या हातात देल्ला.

शॉप म्हणजे दुकान, एवढं मले कळते. पेंटाचं दुकान! माणसं पायात घालतात त्या पेंटा. पोरीले इंजिनिअर कराले धाडली अन् तिथं पेंटा इकून राह्यली. कपड्याले डाग लागू नये म्हणून पांढरं घालाले लावलं असन. फोटोत मांगं एक कार होती, ती दुकानात शोभेले ठुली असन.

इंद्रजितले सांगतलं. तो मोबाइल पाहत म्हणे, शिकू दे न माय, सगळंच काम शिकलं पाहिजे माणसानं. बाप असा.

१५ जानेवारी

शेजारच्या आयशाबीले सांगतलं. ती म्हणे, पुना में कपडे का धंदा बहोत बडा है बाई, पर इंजिनिअरिंग की क्या जरूरत थी? हेच मी म्हणून राह्यली. आयशाबीले एरवी काही समजत नाही.

१७ जानेवारी

आज काम केलं.

ट्रेनिंगवाल्या साहेबाचा नंबर उर्वशीनं फ्रिजवर चिटकवून ठेवेल आहे. अडचण आली तरच लावजो आजी, म्हणे. ही अडचण नाही तं काय लगन आहे?

साहेब गोड बोलला. मी पेंटाचा इषय काढलाच नाही, माही मलेच लाज वाटली. सरळ सांगतलं, साहेब, पोरीले दमा आहे. लहानपणापासून. तिले त्या शॉपमधून काढा अन् खुर्चीवर बसवा.

साहेब घाबरलाच. म्हणे, आजी, दमा? तिनं तर सांगितलं नाही. दमा असेल तर पेंट शॉपमध्ये एक मिनिट ठेवता येणार नाही. पेंटानं दमा कसा वाढते ते मले कळलं नाही. नव्या कापडाची धूळ असन.

तिले दमा नाही. सातवीत खोकला झालता, चांगला पंधरा दिवस पुरला. खोकलाही छातीतूनच येते.

अन् दमा म्हटलं तं कंपनी लवकर सोडून देईन. मंग जूनची वाट तरी कायले पाहाची?

२० जानेवारी

एका फोनात काम! उर्वशीले ऑफिसात बसवलं. खुर्ची, टेबल, कम्प्युटर, एसी. जयाले म्हटलं, तुम्ही दोघं सहा महिने रडले असते, मी एका फोनात केलं. जया भांडे घासाले गेली. जळते.

२१ जानेवारी

उर्वशीचा फोन. म्हणे, आजी, साहेबाले तू फोन केलता? म्हटलं, केला. म्हणे, मले दमा आहे म्हणून सांगतलं? म्हटलं, सांगतलं. मंग फोन कटला.

खुशीनं बोलता आलं नसन पोरीले.

२३ जानेवारी

आयशाबीचा पोरगा शहजाद. यवतमाळ रोडवर त्याचं गाड्याचं गॅरेज आहे. मधल्या भितीवरून डोकावून म्हणे, क्या आज्जी, उर्वशीले पेंट शॉपमधून काढलं म्हणे? बहोत बुरा हुआ. म्हटलं, कायचं बुरा, पेंटा इकत होती. तो भितीवर हात ठुवून एवढा हसला का बोलताच येईना. मंग म्हणे, आज्जी, पेंट म्हणजे कलर! गाडीले कलर मारतात ते. रोबोट मारते, आपली पोरगी रोबोटले शिकवत होती. पूरे कारखाने में उससे साफ जगह नहीं, धुळीचा एक कण चालत नाही. म्हणून पांढरा सूट.

मी म्हटलं, मले माहीत होतं. तुही परीक्षा घेतली.

घरात येऊन इचार केला. कलरचा वास वाईटच असते. म्हणजे दमा सांगतला ते बरोबरच झालं.

२ फेब्रुवारी

उर्वशीचा फोन तिच्या बापाले येते. मी बाजूले असली का ती म्हणे, बाबा, मंग करते. नेटवर्क नसते तिकडं.

१० फेब्रुवारी

जयाकून कळलं. उर्वशीनं पुण्यात छातीचा फोटो काढला, नळीत फुकून देल्लं, डॉक्टरचं सर्टिफिकेट साहेबासमोर नेऊन ठुलं. दमा नाही. पण पेंट शॉपमधली जागा दुसऱ्या पोट्ट्याले गेली. आता तिले बॉडी शॉपमधी टाकलं.

ह्या वेळी मी फसणार नाही. बॉडी म्हणजे बाया आंगात घालतात ते नाही, हे मी लगेच ओळखलं. कारची कंपनी आहे, तिथं ते कायले इकतीन.

बॉडी म्हणजे मुडदा.

सरकारी दवाखान्यात पोस्टमार्टमले बॉडीच म्हणतात. कारखाना मोठा, माणसं मरत असतीन, पण त्याच्यासाठी इंजिनिअर कायले पाहिजे? दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणजे तसा होता. भाकर तेवढी करपली.

११ फेब्रुवारी

शहजादले इचारलं. आधीच सांगतलं, हसलास तं तुह्या मायले सांगीन. तो म्हणे, गाडीचा सांगाडा आज्जी. पत्रे जोडून सांगाडा तयार करतात, त्याले बॉडी म्हणतात. वेल्डिंगचं काम.

मंग बरं. वर्कशॉपले वेल्डिंग लागतेच. पोरगी आपल्या गाळ्यासाठीच शिकून राह्यली. कंपनीले वाटते कंपनीसाठी.

८ मार्च

महिला दिन. जयाच्या अंगणवाडीत कार्यक्रम. मले बोलाले लावलं. मी म्हटलं, माही नात कारचे मुडदे जोडते. टाळ्या वाजल्या.

२२ मार्च

चौदा एप्रिलले उर्वशी आलीच पाहिजे. बाबासाहेबाच्या जयंतीले ती कधी घरी नाही असं झालं नाही. मिरवणुकीत निळा फेटा बांधून पोरींच्या लेझीमपथकात पुढं तीच असते. फोनवर म्हटलं, येतानी कंपनीची गाडी घेऊन ये, आपल्या दारव्ह्यातले लोकं पाहतीन. म्हणे, आजी, कंपनीची गाडी अशी आणता येत नाही वं. म्हटलं, इचारून तं पाह्य. म्हणे, बरं, पाहते.

म्हणजे येते. गाडी घेऊन.

२४ मार्च

वस्तीत सगळ्याईले सांगून झालं. पांढरी गाडी असन म्हटलं. निळी भेटली तं आणखी बरं.

२ एप्रिल

सुट्टी पक्की कराले साहेबाले फोन लावला. साहेब आतापरेंत गोड आहे. म्हणे, आजी, माफ करा, उर्वशीनं लेखी कळवलंय की घरून फक्त वडिलांचाच फोन घ्यायचा.

म्हटलं, कोणत्या उर्वशीनं? तुमच्या इथं दोन असतीन.

म्हणे, एकच आहे.

फ्रिजवरची चिठ्ठी काढून फेकली. ज्या पोरीची मी शाळेची वेणी घातली, जिचा पहिला दात माह्या हातात पडला, तिनं माहा फोन बंद केला. मले वाईट वाटलं नाही. राग आला. ते येगळं असते.

१४ एप्रिल

आली नाही. प्रॉडक्शन चालू आहे म्हणे. बाबासाहेबाच्या जयंतीले प्रॉडक्शन!

पोरींच्या पुढं ह्या वर्षी दुसरीच कोणाची पोरगी होती. ताल चुकत होता. मी ओट्यावरून तीनदा ओरडून सांगतलं, मंग इंद्रजितनं मले घरात नेलं.

बायांनी इचारलं, गाडी कुठं आहे? म्हटलं, कलरले टाकली आहे.

रात्री तिनं बापाले फोटो पाठवला. तिकडं कंपनीच्या गेटसमोर पोरापोरींनी जयंती केली. निळा फेटा घालून तीच पुढं. हसून राह्यली. इतकं हसाचं काय होतं?

५ मे

गाळा साफ केला. शटरले तेल पाजलं, जाळे काढले. पेंटरले बोर्ड लिहाले सांगतला. "उर्वशी मोटर्स". तो म्हणे, आजी, बाजूले कार काढू का जीप? म्हटलं, कार काढ. त्यानं काढली ती रिक्षासारखी दिसते. चालते. उर्वशी आली का दुरुस्त करीन.

इंद्रजितनं बोर्ड पाह्यला अन् तसाच घरात गेला. भरून आलं असन.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

खीर केली. उर्वशीचा फोन आला तवा तिच्या मायबापानं आतल्या खोलीत दार लोटून घेतलं. उन्हाळा आहे, कूलर आत आहे म्हणून.

३० मे

आज आयशाबी शिरखुर्मा असावा तसा चेहरा करून आली. म्हणे, मुबारक हो बाई! उर्वशी को पक्की नोकरी लग गई! कंपनीनंच ठेवून घेतलं! अन् गाळा शहजादले देल्ला, अल्ला तुमचं भलं करो, स्पेअर पार्टचं दुकान टाकतो म्हणे तो.

मी म्हटलं, हो.

ती गेल्यावर इंद्रजितले बोलावलं. म्हटलं, हे कवापासून? म्हणे, पौर्णिमेपासून. म्हणजे खीर खाऊन, तोंड पुसून, मले काही न सांगता हे लोक दार उघडून बाहेर आले. जयाले माहीत. आयशाबीले माहीत. शहजादले माहीत, त्यानं गाळ्याचं माप बी नेलं. पेंटरलेही माहीत असन, म्हणून त्यानं रिक्षा काढली.

इंद्रजितले म्हटलं, मले काहून नाही सांगतलं? तो खाली पाहत म्हणे, माय, तुले सांगतलं असतं तं तू फोन लावला असता.

म्हटलं, लावलाच असता.

तो म्हणे, तेच.

मंग जया मधात बोलली. आत्याबाई, तुमच्या दम्यानं पोरीची नोकरीच चालली होती. साहेबाले वाटलं, दुखणं लपवून आली. चार महिने तिनं राबून तो डाग धुतला. आता तिचं चांगलं झालं, तुम्ही आशीर्वाद द्या.

सुनेच्या तोंडाले पाय फुटले.

पण मुख्य गोष्ट. दहावीत तिनं शब्द देल्लता. तिनं मोडला. मी तं फक्त फोन केला.

१ जून

ठरवलं. अबोला.

भांडण केलं का दोन घंट्यात इसरतात. अबोला हाडात जाते. माह्या सासूशी मी एक उन्हाळा अबोला धरलता, बुढी शेवटी सोता माह्या ताटात वाढाले आली. ह्या लोकाईले माहीतच नाही अबोला काय असते.

नेम असे. इंद्रजित, जया, उर्वशी, तिघाईशी नाही. चहा पाहिजे असला तं कप वाजवाचा. पाणी सोता घ्याचं. आयशाबीशी बोलाचं, नाही तं तोंड गंजीन.

६ जून

कप वाजवला. जयानं चहा देल्ला. काही इचारलं नाही. आतून हलली असन.

१९ जून

उर्वशी उद्या येते. यवतमाळले कॉलेजात तोंडी परीक्षा आहे, ती देऊन दोन दिवस घरी. मंग राह्यलेलं सामान घेऊन जाते.

म्हणजे माह्याजवळ दोन दिवस आहेत. पहिल्या दिवशी तिच्या ध्यानात येईन. दुसऱ्या दिवशी रडन. म्हणीन, आजी, बोल न वं, मी चुकली. तवा मी एकच वाक्य बोलीन. ते मनात तयार आहे. इथं लिहीत नाही, कमी होईन.

२० जून

आली. वाळली. केस कापले. हाताले वेल्डिंगचा चटका, मनगटापाशी. इचारणार होती, पण अबोला.

जयभीम आजी, म्हणे. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे बोलणं नाही.

दिवसभर बोलून राह्यली. रोबोटचा हात कसा वळते, ठिणग्या कशा उडतात, एका गाडीले वेल्डिंगचे किती टाके लागतात. तिथले पोट्टे आधी म्हणत, तू मोठ्या गाड्या उचलशील काय. आता तिले इचारल्याशिवाय हात लावत नाहीत म्हणे. इंद्रजित तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मी कोपऱ्यात, पाठ करून. ऐकत नव्हती. टाके चार हजाराच्या वर लागतात.

२१ जून

दुपारी ती माह्या मांडीवर डोकं ठुवून मोबाइल पाहत झोपली. माहा पाय बधिर झाला. काढला असता तं उठली असती, अन् उठली असती तं बोला लागलं असतं. म्हणून नाही काढला. अबोला पक्का आहे.

रडली नाही अजून. उद्या रडन.

२२ जून, रविवार

ट्रॅव्हल्सपाशी सगळे गेलो. ह्या वेळी मी गाडीत चढली नाही.

उर्वशीनं सामान चढवलं अन् खाली उतरून माह्या गळ्यात पडली. अन् रडली! मी वाक्य तयार केलं. म्हटलं, आता.

तं ती म्हणे, आजी, मले लय भेव लागत होतं. वाटलं तू घर डोक्यावर घेशील. दहावीतलं काढशील. अन् तू एका शब्दानं अडवलं नाही मले. दोन दिवस नुसती ऐकत बसली. एवढं कोणाच्या आजीनं समजून घेतलं नसतं वं. बाबाले मी म्हटलंच होतं, आजीले सांगा, आजी समजदार आहे.

मी तोंड उघडलं. ड्रायव्हरनं हॉर्न देल्ला. ती पळत चढली, खिडकीतून हात हालवत गेली. म्हणून राह्यली, आजी, अशीच राहजो!

घरी आलो. जया म्हणे, आत्याबाई, जेवता काय? म्हटलं, वाढ.

अबोला मोडला. दोघाईच्याही ध्यानात आलं नाही.